पुढचा शॉकअप लवकर का जातो?



भुकूम, भूगाव, पिरंगुट, पौड या आपल्या पट्ट्यात अर्धं घर दुचाकीवर चालतं. डेअरीला दूध तिच्यावरच जातं, पोरं शाळेत तिच्यावरच जातात, कंपनीतली पाळीही तिच्यावरच गाठायची. कुणी स्वतः चालवते, कुणी लेकराला मांडीवर घेऊन मागे बसते. म्हणून आज गाडीच्या पुढच्या शॉकअपबद्दल बोलू या. गॅरेजवाला "शॉकअप गेला, एवढे पैसे होतील" म्हणतो, तेव्हा पर्समधून पैसे काढण्याआधी "का गेला?" एवढं विचारता यायला हवं.

आधी तो असतो कसा ते पाहू. पुढच्या चाकाच्या दोन बाजूंना दोन पाय असतात. प्रत्येक पायात वरून एक चकचकीत पाईप खालच्या जाड नळीत शिरतो. आत स्प्रिंग असते आणि तेल असतं. स्प्रिंग धक्का झेलते आणि तेल बारीक भोकांतून ढकललं जातं, म्हणून गाडी उड्या मारत राहत नाही. जिथं पाईप नळीत शिरतो तिथं रबराचं ऑईल सील असतं आणि त्याच्या वर धूळ अडवणारं दुसरं रबर. आत पाईप ज्यावर सरकतो, त्या कड्यांना बुश म्हणतात. जुन्या ॲक्टिव्हाची पुढची रचना वेगळी होती. २०२० साली आलेल्या ॲक्टिव्हा सिक्स-जीला मात्र असाच नळीचा शॉकअप आहे. हे शॉकअप काही परदेशातून येत नाहीत. आपल्या चाकणला आणि छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला त्यांचे मोठे कारखाने आहेत.

आता मुद्द्याची गोष्ट. सील रबराचं आहे, ते कधीतरी झिजणारच. पण नवीन सील घातलं आणि चार महिन्यांत पुन्हा तेल गळायला लागलं, तर ती वयाची झीज नव्हे. कुकरचं उदाहरण घ्या. झाकणाची कड चेपलेली असेल तर नवी रिंग घालूनही वाफ जातेच. तसंच इथं. पाईपवर गंजाचा खड्डा किंवा ओरखडा असेल, तर प्रत्येक धक्क्याला तो सीलच्या ओठावरून किसणीसारखा फिरतो. मग कितीही सीलं बदला, पैसे पाण्यात.

घरी करता येतील अशा चार तपासण्या सांगते. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद आणि गार हवं.

पहिली तपासणी तेलाची. दोन्ही पाईप स्वच्छ फडक्यानं पुसा. पुढचा ब्रेक धरून हँडल पाच-सहा वेळा खाली दाबा. पाईपवर ओली तेलकट कडी उमटली, की त्या बाजूचं सील गळतंय. कोणत्या बाजूचं, ते लिहून ठेवा.

दुसरी तपासणी बोटाची. सीलच्या वरचा वीतभर पाईप नखानं चहूबाजूंनी चाचपा. नख अडकलं तर तिथं खड्डा किंवा ओरखडा आहे. पार वर, जिथं सील कधी पोचतच नाही, तिथला गंज एवढा त्रासाचा नाही. सीलच्या वाटेवरचा त्रासाचा. पाईपची चकाकी एकाच अंगानं उडाली असेल, तर बुश झिजला असेल किंवा पाईप वाकला असेल.

तिसरी तपासणी खडखडाटाची. गाडी डबल स्टँडवर लावा. एकीनं मागचं कॅरिअर दाबून पुढचं चाक उचलून धरायचं. दुसरीनं समोर बसून दोन्ही पायांची खालची टोकं धरून पुढे-मागे हलवायची. पाईप आणि नळी यांच्यात हालचाल जाणवली तर बुशकडे संशय. हँडलच्या खाली, मानेपाशी टक्क झालं तर कोनसेट ढिला आहे. हँडल सावकाश वळवताना मधोमध खाचेत बसल्यासारखं वाटलं, तरीही कोनसेटच. पुष्कळदा कोनसेटचा आवाज असतो आणि शॉकअप खोलला जातो.

चौथी तपासणी टायरची आणि हँडलची. टायर जागोजागी खड्डे पडल्यासारखा झिजलाय का? चाक सरळ असताना हँडल तिरकं दिसतं का? हँडल तिरकं दिसलं तर गाडी कधीतरी पडली असेल आणि पाय पिळलेले असतील. पिळलेल्या पायात पाईप एका अंगानं घासत राहतो, म्हणून त्याच बाजूचं सील वारंवार जातं.

हे सगळं लवकर का होतं? भातलावणीच्या दिवसांत चिखल पाईपवर उडतो आणि वाळतो. डंपरच्या मागून जाताना खडीची बारीक भुकटी बसते. ती सीलच्या ओठात अडकली की पॉलिश पेपरचं काम करते. गाडी धुताना जोराचा फवारा सीलवर मारला तर पाणी आत शिरतं. गॅरेजमध्ये तेल काढलं आणि ते दुधाळ चहासारखं निघालं, तर पाणी शिरलंय असं समजा. त्यात चमचम कण दिसले तर आतलं धातूचं काहीतरी झिजतंय.

थोडंच गळतंय म्हणून गाडी दामटू नका. पुढे डिस्क ब्रेक असेल तर पायावरून ओघळलेलं तेल ब्रेकपर्यंत पोचतं. पिरंगुटच्या घाटात उतरताना मागे लेकरू बसलंय आणि ब्रेक धरत नाही, ही वेळ यायला नको. तेल लागलेले ब्रेक पॅड पुसून भागत नाही, बदलावेच लागतात. तोवर गाडी बाहेर काढू नका.

गॅरेजमध्ये चार गोष्टी सांगा. सील घालण्याआधी पाईप आम्हाला दाखवा. पाईप सपाट काचेवर लोळवून वाकलाय का ते बघा. दोन्ही पायांत कंपनीच्या पुस्तिकेत दिलेलंच तेल, दिलेल्या मापानं, सारखं भरा. एका पायात कमी, एकात जास्त, असं नको. आणि जुने भाग परत द्या. चांगला कारागीर या बोलण्याचा राग धरत नाही. पाईप खराब निघाला तर पाईप आणि सील एकदमच बदलायचं. आज खर्च जास्त वाटेल, पण तीनदा सील बदलण्याची मजुरी वाचेल.

घरची निगा एवढीच. पावसाळ्यात संध्याकाळी पाईपवरचा चिखल आधी पाण्यानं भिजवा, मग मऊ फडक्यानं पुसा. वाळलेला चिखल कोरड्या फडक्यानं घासला तर ओरखडे आपणच पाडतो. टायरची हवा पुस्तिकेप्रमाणे ठेवा. स्पीड ब्रेकरच्या आधी वेग कमी करा आणि त्यावर चढताना ब्रेक सोडा, म्हणजे दाबल्या गेलेल्या शॉकअपवर दुसरा दणका बसत नाही.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीला ज्या गाडीनं येतात, त्यांनी अंगणातच ही तपासणी करून बघा. दोघी-दोघी मिळून दहा मिनिटांत एक गाडी होते. गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर तारीख, किलोमीटर आणि कोणती बाजू गळते ते लिहा. पुन्हा गळालं तर ते पान घेऊनच गॅरेजमध्ये जा.

जपून चालवा, जपून बसा.