बहिणीची सही
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



स्त्रियांचे हक्क या विषयावर मी चार शब्द बोलावेत, असे चिटणीसबाईंनी सुचविले. विषय आभाळाएवढा आहे. मी त्यातला एकच कागद उचलते : हक्कसोडपत्र. आपणांपैकी पुष्कळजणींनी त्यावर सही केलेली असेल, काहींनी तर न वाचताच.

आपल्या आजीच्या काळी भाऊ असलेल्या मुलीला माहेरच्या जमिनीत वाटा नव्हता. विधवेला १९३७ च्या कायद्याने नवऱ्याच्या मिळकतीत हिस्सा मिळाला, तोही हयातीपुरता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने ‘हयातीपुरता’ ही अट काढली आणि मुलगी बापाची वारस झाली. पण वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क मुलाचाच राहिला. आपल्या राज्याने १९९४ साली तो मुलींनाही दिला, मात्र २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्यांना वगळून! म्हणजे एकाच घरात धाकटीला हक्क आणि थोरलीला नाही. ही विचित्र रेघ ९ सप्टेंबर २००५ पासून पुसली गेली. त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. हक्काबरोबर जबाबदारीही येते, आणि स्वकष्टार्जित मिळकत वडील मृत्युपत्राने कोणासही देऊ शकतात, हे मात्र ध्यानात असू द्यावे.

कायदा इतका पुढे आला, तरी सही मागितली जातेच. माझे वडील वारले तेव्हा निफाडकडे त्यांची वडिलोपार्जित थोडी द्राक्षबाग होती. महिन्याभरात भावाने कागद पुढे केला. “ताई, इथे सही कर, नुसती पद्धत असते.” मी म्हटले, आधी वाचते. वाचला, आणि सही केली नाही. पुढे दोन दिवाळ्या भाऊबीजेचे बोलावणे आले नाही. आई चोरून फोन करी. भाऊ वाईट नव्हे. बागेचे कर्ज त्याच्या अंगावर, आईचे औषधपाणी त्याच्याकडे, आणि माझ्या लग्नाला वडिलांनी केलेला खर्चही त्याने मनात मांडून ठेवलेला. तो हिशोब शेवटी आम्ही समोरासमोर बसून केला. बाग त्याने करावी, उत्पन्नातून आधी कर्ज फेडावे आणि उताऱ्यावर माझे नाव राहावे, असे ठरले. तिसऱ्या वर्षी भाऊबीज झाली. ओवाळणीची साडी जरा फिकी होती, पण होती!

आपल्या जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले होते. शेतात जन्मभर राबणाऱ्या बाईच्या नावावर जमीन का नसावी, हा विचार पुढे शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’च्या रूपाने गावोगाव नेला. ज्या गावात शंभरावर शेतकरी आपल्या जमिनीचा तुकडा राजीखुशीने पत्नीच्या नावे करीत, तेथे ते स्वतः जात. काम मोठेच. पण ते नवऱ्याने बायकोला देणे होते, आणि देणाऱ्याचे कौतुक करता येते. बहिणीला कोणी काही द्यावयाचे नसते, तिचे ते आहेच. म्हणून ते घरात अधिक बोचते.

आता एक अप्रिय गोष्ट. नणंदेची सही मिळविण्याची घाई पुष्कळदा आपणच करतो. माहेरी वाटा मागणारी बाई सासरी आल्यावर म्हणते, “वन्संना काय कमी आहे?” नणंदेने राजीखुशीने सोडले तर सोडू द्यावे. तशाही बहिणी असतात आणि त्यांना मी भोळ्या म्हणणार नाही. पण कागद तिला दोन दिवस घरी नेऊ द्या, जाणत्या माणसाला दाखवू द्या. दुय्यम निबंधकाकडे एकदा नोंद झाली की तो फिरविणे फार कठीण.

ज्यांना उतारा वाचता येत नाही, त्यांनी माहेरचा सातबारा पुढल्या बैठकीस घेऊन यावे. आपले नाव खातेदारांत आहे, की ‘इतर हक्का’च्या रकान्यात आहे, की कोठेच नाही, ते मिळून पाहू. मी माझा आणते.