सहवासाची भूक

‘एकटा जीव सदाशिव’ असे मराठीत कौतुकाने म्हटले जाते. उंदराच्या मेंदूची साक्ष निराळी आहे, आणि ती मिळालीही अनपेक्षितपणे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात जिलियन मॅथ्यूज ही तरुण संशोधिका कोकेनचा मेंदूवर होणारा परिणाम अभ्याशीत होती. काही उंदरांना कोकेन, तर काहींना नुसते सलाईन टोचून तिने प्रत्येकाला दिवसभर वेगळ्या पिंजऱ्यात ठेवले. मेंदूच्या देठाशी असलेल्या, डोपामिन निर्माण करणाऱ्या काही पेशींचे सांधे दोन्ही गटांत बळावलेले आढळले. म्हणजे हा प्रताप कोकेनचा नव्हे, एकांतवासाचा होता. फसलेला प्रयोग म्हणून एखाद्याने ती टिपणे बासनात गुंडाळून ठेवली असती.

पुढे मॅथ्यूज अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत डॉ. के टाय यांच्या प्रयोगशाळेत आली. चिंता आणि सामाजिक वर्तन हाच टाय यांचा विषय. भयाशी निगडित अशा ॲमिग्डला या केंद्रापासून हिपोकॅम्पसकडे जाणारा एक मार्ग प्रकाशाने चेतविला, की उंदीर अधिक बावरतो आणि अनोळखी उंदराजवळही कमी जातो, हे त्यांच्या गटाने 2013 व 2014 साली दाखविले होते.

आता मॅथ्यूजला आढळलेल्या त्या पेशी त्यांनी प्रकाशाने चेतविल्या. उंदीर सोबत्याकडे ओढला गेला; पण ज्या जागी पेशी चेतविल्या जात, ती जागा मात्र तो टाळू लागला. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षातील खरी मेख येथेच आहे. ही भेटीची गोडी नव्हे, ही टोचणी आहे. अन्नाकडे नेणारी भूक तरी कोठे सुखाची असते? कळपात वरचढ असलेल्या उंदरांना ती अधिक जाणवली, हेही लक्षणीय.

माणसांचे काय? 2020 साली त्याच संस्थेतील शास्त्रज्ञांनी चाळीस जणांना एकदा दहा तास एकटे व एकदा दहा तास उपाशी ठेवले. एकांतानंतर माणसांच्या मेळाव्याची चित्रे पाहताना त्यांच्या मध्यमेंदूत जी खळबळ दिसली, ती उपाशीपोटी अन्नाची चित्रे पाहतानाच्या खळबळीसारखीच होती.

मात्र दहा तास म्हणजे वर्ष नव्हे. कॅलिफोर्नियातील एका प्रयोगशाळेने 2018 साली उंदरांना दोन आठवडे एकटे ठेवले. त्यानंतर पिंजऱ्यात सोडलेल्या नव्या उंदराशी त्यांनी सलगी केली नाही. ते त्याच्या अंगावर धावून गेले, आणि एकदा बसलेली भीतीही त्यांच्या मनातून लवकर ओसरेना.