सुगंधी वाफ आणि आपली मुले
(र्युसेल्सहाइम येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘परदेशस्थ कुटुंबांचे आरोग्य’ हा विषय दिला होता. मधुमेह आणि रक्तदाब यांविषयी मी चार गोष्टी सांगाव्यात, अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु मध्यंतरी घडलेल्या एका प्रसंगामुळे मी विषय बदलण्याची परवानगी मागितली. कोणाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील वगळून तो प्रसंग सांगतो.

आपल्यासारख्याच एका मराठी कुटुंबातील भगिनी माझ्याकडे आल्या. पंधरा वर्षांच्या मुलाच्या दप्तरात त्यांना बोटभर लांबीची, गुलाबी रंगाची एक नळी सापडली होती. त्यांना प्रथम ते वहीत खुणा करण्याचे रंगीत पेन वाटले. हुंगून पाहिले तर कलिंगडाचा वास आला. ती नळी माझ्या टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, हे काय आहे ते मला सांगा, पण ह्यांना एवढ्यात कळू देऊ नका.” मुलगा अभ्यासात उत्तम होता. अलीकडे तो चिडचिडा झाला होता, रात्री झोपत नव्हता आणि एक तास झाला की काहीतरी निमित्त काढून खोलीबाहेर जात होता, एवढेच त्या माउलीच्या लक्षात आले होते.

मित्रहो, ती एकदाच वापरून फेकण्याची ई-सिगारेट होती. मुलांच्या भाषेत ‘व्हेप’. तिच्यात एक लहान लिथियमची बॅटरी, एक तापणारी तार आणि द्रव शोषून घेतलेला बोळा असतो. प्रॉपिलिन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सुगंधी द्रव्ये आणि निकोटिन यांचे हे मिश्रण तापले की त्याचे सूक्ष्म तुषार होऊन फुप्फुसांत जातात. मुले म्हणतात, ‘ही नुसती पाण्याची वाफ आहे.’ ती पाण्याची वाफ नाही. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशानुसार अशा उपकरणात २ मिलीलिटरपर्यंत द्रव आणि प्रत्येक मिलीलिटरमध्ये २० मिलिग्रॅमपर्यंत निकोटिन असू शकते. म्हणजे त्या गुलाबी नळीत ४० मिलिग्रॅम निकोटिन मावते. एका सिगारेटमधून शरीरात साधारण एक ते दोन मिलिग्रॅम निकोटिन शोषले जाते, हे लक्षात घेतले म्हणजे हिशेब आपोआप उलगडतो. सिगारेट घसा जाळते, म्हणून नवख्या मुलाला पहिला झुरका नकोसा होतो. येथे निकोटिन क्षाररूपात असते, त्यामुळे घसा जळत नाही. वर फळाचा गोडवा असतो. निसर्गाने ठेवलेला पहारेकरीच अशा रीतीने हटविला गेला आहे. मेंदूची वाढ वयाच्या पंचविशीपर्यंत चालू असते, आणि वाढत्या मेंदूला निकोटिनची सवय प्रौढांपेक्षा लवकर लागते व अधिक घट्ट बसते.

येथे मला थोडे स्वतःविषयी बोलणे भाग आहे. माझी आजी कामठीला विड्या वळत असे. मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूची पाने आणि तंबाखू. पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत तिची बोटे थांबत नसत. संध्याकाळी ठेकेदार मोजणी करताना खराब म्हणून काही विड्या बाजूला काढी आणि त्यांचे पैसे कापी. आयुष्यात एकही विडी न ओढता ती तंबाखूच्या धुळीने खोकत राहिली. कामठी, नागपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात आपल्या समाजाच्या किती घरांतील चुली या विड्यांवर पेटल्या, हे येथील अनेकांना ठाऊक आहे. आपण आज एकमेकांना ज्या ‘जयभीम’ने अभिवादन करतो, ते रूढ करण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते ते कामठीचे बाबू हरदास एल. एन. हे विडी कामगारांचे संघटक होते. ठेकेदाराच्या पिळवणुकीतून कामगार सुटावा म्हणून त्यांनी सहकारी तत्त्वावर विडी उत्पादनाचा प्रयोग केला. १९३९ साली, ऐन तारुण्यात, त्यांचे निधन झाले.

अशा घरातला मी. वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहात मी सिगारेट ओढू लागलो. फुप्फुसांचे शवविच्छेदन पाहून बाहेर यावे आणि तेथेच सिगारेट पेटवावी, इतका तो मूर्खपणा होता. सुटीत घरी गेलो तेव्हा आजीने दारातच मला ओळखले. तो वास तिच्या बोटांत मुरलेला होता. तिला फसविणे शक्यच नव्हते. ती एवढेच म्हणाली, “आम्ही पोटासाठी वळल्या रे बाबू, तू कायले ओढतं?” मला उत्तर देता आले नाही. सिगारेट सुटायला पुढे कित्येक वर्षे लागली. परंतु सुटण्याची सुरुवात त्या प्रश्नाने झाली.

बंधू-भगिनींनो, माझी भीती नेमकी येथे आहे. माझ्या आजीला वास आला. आजच्या आईला कलिंगडाचा वास येतो, आणि तिला वाटते, मुलाने च्युइंगम खाल्ला असेल. घरातील पहिली राखण करणारे आईचे नाकच या वस्तूने निरुपयोगी केले आहे. म्हणून कायद्याची जबाबदारी वाढते, आणि आपलीही.

कायद्याचे दोन मार्ग आपल्या दोन देशांनी निवडले आहेत. भारताने सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश काढून आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात कायदा करून ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण व जाहिरात यांवर संपूर्ण बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. सुटीत भारतात जाणाऱ्या तरुणांनी हे विशेष लक्षात ठेवावे. अशी नळी सामानात नेणे हा तेथे निषिद्ध आयातीचा प्रकार आहे. मुलांना ही वस्तू खुलेआम दिसू नये, हा त्या कायद्याचा हेतू मला मान्य आहे. परंतु त्याच पानठेल्यावर विडी, सिगारेट आणि खर्रा मिळतोच. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, आणि त्यांतील बहुसंख्य तो तोंडात ठेवणारे होते. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी चोरट्या मार्गाने तो येतोच. नव्या, महागड्या वस्तूला संपूर्ण बंदी आणि गरिबाला मारणाऱ्या जुन्या वस्तूला परवाना, ही विसंगती कोणाच्याही नजरेतून सुटणार नाही.

जर्मनीने दुसरा मार्ग घेतला. १ एप्रिल २०१६ पासून अठरा वर्षांखालील मुलांना ई-सिगारेट देणे निषिद्ध आहे. निकोटिन नसलेली असली तरी आणि टपालाने मागविली तरी. नियम मोडणाऱ्या विक्रेत्याला ५० हजार युरोंपर्यंत दंड होऊ शकतो. रस्त्यावरील फलकांवर तिची जाहिरात २०२४ च्या आरंभापासून बंद झाली. जुलै २०२२ पासून द्रवावर प्रति मिलीलिटर १६ सेंट कर बसला व तो टप्प्याटप्प्याने २०२६ साठी ३२ सेंट ठरला. ऐकायला हे कडक वाटते. प्रत्यक्षात २ मिलीलिटरच्या नळीवर हा कर ६४ सेंट होतो. पंधरा वर्षांच्या मुलाचा खिसा त्याने अडत नाही. शिवाय कलिंगड, आंबा, पुदिना हे सर्व स्वाद या कायद्यातून सहीसलामत सुटले. शेजारच्या नेदरलँड्सने २०२४ पासून तंबाखूखेरीज अन्य स्वादांना मनाई केली. बेल्जियमने जानेवारी २०२५ पासून, आणि फ्रान्स व ब्रिटन यांनीही २०२५ मध्येच, एकदा वापरून फेकण्याच्या ई-सिगारेटवर बंदी आणली.

या वादात दुसरी बाजू आहे आणि ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. जर्मनीत धूम्रपानाने दरवर्षी सव्वा लाखाहून अधिक माणसे मरतात. अनेक वर्षे सिगारेट ओढणारा प्रौढ जर ती पूर्णपणे सोडून ई-सिगारेटकडे वळला, तर त्याच्या शरीरात जाणारी विषारी द्रव्ये कमी होतात, आणि सिगारेट सोडण्यास तिचा उपयोग होतो याचे चांगले पुरावे आहेत. माझ्या रुग्णांना मी हे नाकारत नाही. परंतु ही तुलना जळत्या सिगारेटशी आहे. ज्या मुलाने सिगारेट कधी हातातच घेतली नाही, त्याची तुलना स्वच्छ हवेशी केली पाहिजे. प्रौढाचे औषध म्हणून ज्या वस्तूचे समर्थन होते, तिला कलिंगडाचा स्वाद आणि खेळण्याचा रंग कोणासाठी दिला जातो, हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

मुलांमधील हे व्यसन अटळ आहे, असेही नाही. अमेरिकेत २०१९ साली उच्च माध्यमिक शाळांतील २७.५ टक्के विद्यार्थी ई-सिगारेट वापरत होते. २०२४ मध्ये हे प्रमाण ७.८ टक्क्यांवर आले. त्यात महामारीच्या काळातील बंद शाळांचा वाटा असेल. परंतु विक्रीचे वय २१ करणे, स्वादांवर निर्बंध आणि सातत्याने केलेले प्रबोधन यांचाही आहे. म्हणून कायद्याची परीक्षा त्याच्या शिक्षेच्या कडकपणावरून होऊ नये. ती वस्तू आणि पंधरा वर्षांच्या मुलाचा हात यांत त्याने किती अंतर निर्माण केले, यावरून व्हावी.

आता आपले काम. पहिली गोष्ट: नळी सापडली तर मारहाण नको आणि ‘समाजात काय म्हणतील’ हे तर मुळीच नको. येथील कायदा मुलाला गुन्हेगार मानीत नाही, विक्रेत्याला मानतो. मग आपणच त्याला आरोपी का करावे? दुसरी: या देशात बारा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी ‘योट-आइन्स’ नावाची आरोग्यतपासणी आहे. त्या वेळी मुलाला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या. आपण बाहेर बसा. तिसरी: ‘बी स्मार्ट, डोन्ट स्टार्ट’ ही शाळांची स्पर्धा येथे १९९७ पासून चालते. सबंध वर्ग काही महिने धूरमुक्त राहण्याचा निश्चय करतो, आणि त्यात ई-सिगारेटही येते. आपल्या मुलाचा वर्ग त्यात आहे का, हे पालकसभेत विचारा. पालकसभेत गप्प बसण्याची आपली सवय आता सुटली पाहिजे. आणि चौथी: घरातील ज्या वडीलधाऱ्यांच्या खिशात पाकीट आहे, त्यांनी आधी ते बाहेर काढावे. पंचशीलातील पाचवे शील आपण मुलांकडून पाठ करून घेतो. ते आपल्यालाही लागू आहे.

त्या मुलाचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. वडिलांना आईनेच सांगितले. वडील ओरडले नाहीत. त्यांनी स्वतःचे पाकीट टेबलावर ठेवले. दोघांनी एकाच दिवशी सोडायचे ठरविले. मुलगा एकदा घसरला, वडील दोनदा. अजून दोघेही माझ्याकडे येतात.

आजीने विचारलेला प्रश्न मी आज या सभागृहाच्या स्वाधीन करीत आहे. ज्यांनी पोटासाठी विड्या वळल्या, त्यांच्या पतवंडांनी कशासाठी ओढायचे? हा प्रश्न घरी गेल्यावर रागाने नव्हे, मायेने विचारावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.

जयभीम.