विकत घेतलेली डिस्क आणि परक्याच्या हातातली किल्ली



दुकानातून रीतसर पैसे मोजून आणलेली सिनेमाची डीव्हीडी लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात घालून पाहा. ड्राइव्ह फिरू लागतो, दिवा लुकलुकतो, डिस्कचं नाव पडद्यावर येतं. फोल्डर उघडलं की आतल्या फायलीही दिसतात, मोठ्या मोठ्या, साधारण एकेका जीबीच्या. पण एखादी चालवायला जावं, तर कधी रंगीत चौकटींचा नुसता गोंधळ दिसतो, कधी 'वाचता येत नाही' एवढाच निरोप मिळतो. डिस्क धड असते, ड्राइव्हही धड असतो. आतला सिनेमा तेवढा कुलूपबंद असतो.

या कुलपाचं नाव कंटेंट स्क्रॅम्बल सिस्टिम, थोडक्यात सीएसएस. १९९६ च्या सुमारास, डीव्हीडी बाजारात आली तेव्हाच ते आलं. सिनेमा उलगडण्याची किल्ली डिस्कवरच असते, पण तीही बंद करून ठेवलेली. तिच्या चारशेहून अधिक प्रती डिस्कवर असतात आणि प्रत्येक प्रत वेगवेगळ्या प्लेअर-किल्लीनं बंद केलेली असते. कंपनीनं परवाना घेतला, शुल्क भरलं, गुप्ततेच्या करारावर सही केली की त्यांतली एक किल्ली तिला मिळते. आता मुक्त सॉफ्टवेअरची अडचण पाहा. तिथे प्रोग्रॅमची प्रत्येक ओळ कुणालाही वाचायला मोकळी असते. मग गुपित ठेवायचं कुठे? म्हणजे लिनक्ससारखं मुक्त सॉफ्टवेअर वापरणारा माणूस या व्यवस्थेत पहिल्या दिवसापासून दाराबाहेरच उभा होता.

१९९९ मध्ये नॉर्वेतला १५ वर्षांचा योन लेक योहान्सन आणि इंटरनेटवरचे त्याचे दोन अनामिक साथीदार यांनी हे कुलूप उघडलं. झिंग नावाच्या कंपनीच्या प्लेअरमध्ये किल्ली नीट लपवलेली नव्हती, ती हाती लागली. त्यातून 'डीसीएसएस' हा छोटा प्रोग्रॅम तयार झाला. मुळात कुलूपच कच्चं होतं. किल्ली अवघ्या ४० बिटांची, आणि रचनेतल्या दोषांमुळे प्रत्यक्षात त्याहूनही दुबळी.

जानेवारी २००० मध्ये पोलीस त्या मुलाच्या घरी पोचले. खटला चालला. २००३ मध्ये आधी खालच्या आणि मग वरच्या न्यायालयानं त्याला निर्दोष सोडलं. आपण विकत घेतलेल्या डिस्कवरचा सिनेमा पाहण्यासाठी कुलूप उघडणं हा गुन्हा ठरत नाही, हा त्या निकालाचा गाभा. मला तो निकाल अगदी योग्य वाटतो.

अमेरिकेत मात्र उलटं घडलं. तिथे १९९८ चा कायदा असं कुलूप उघडण्याचं साधन लोकांना पुरवायलाच मनाई करतो. '२६००' या मासिकानं डीसीएसएस प्रसिद्ध केला, म्हणून चित्रपट कंपन्या कोर्टात गेल्या, आणि ऑगस्ट २००० मध्ये न्यायाधीश लुईस कॅपलन यांनी मासिकाविरुद्ध निकाल दिला. तो प्रोग्रॅम जिथे मिळतो तिथले दुवे देणंही बंद झालं. निषेध म्हणून लोकांनी तोच प्रोग्रॅम टी-शर्टवर छापला, आणि फिल कार्मोडी या गणितप्रेमीनं तर तो एका प्रचंड मूळ संख्येत बसवून दाखवला.

यात दुखतं ते एवढंच, की धंदेवाईक चोराला हे कुलूप कधी अडवतच नव्हतं. डिस्क छापायची यंत्रं असलेला माणूस कुलपासकट सगळी डिस्क जशीच्या तशी छापतो. त्याला किल्ली लागतच नाही. अडला तो पैसे मोजून डिस्क घेणारा.

आज व्हीएलसी हा प्लेअर सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पॅरिसच्या एकोल सांत्राल या संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी तो सुरू केला. त्याच प्रकल्पातली 'लिबडीव्हीडीसीएसएस' ही छोटी सॉफ्टवेअर लायब्ररी परवान्याची किल्ली न वापरता, गणितानं डिस्कची किल्ली शोधून काढते. अमेरिकी कायद्याच्या धास्तीनं लिनक्सच्या अनेक आवृत्त्या ती सोबत देत नाहीत. ती वेगळी बसवावी लागते. डेबियन आणि उबंटूत त्यासाठी 'लिबडीव्हीडी-पीकेजी' नावाचं पॅकेज आहे.

आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आलं. त्यात शिक्षा आहे ती हक्कभंगाच्या हेतूनं कुलूप तोडणाऱ्याला, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कायद्यानं स्पष्टपणे मना न केलेल्या कामासाठी कुलूप उघडायला हेच कलम मोकळीक देतं. कायदा करणाऱ्यांनी इथे ग्राहकाचा विचार केला, याचं मला मनापासून समाधान आहे.

तेव्हा ग्रंथालयांना, फिल्म सोसायट्यांना आणि घरी डिस्कचा संग्रह असणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे. डीव्हीडी प्लेअर दुकानांतून नाहीसे होत चालले आहेत, नव्या लॅपटॉपना ड्राइव्हही नसतो. यूएसबीला जोडायचा एखादा बाहेरचा ड्राइव्ह घ्या, लिबडीव्हीडीसीएसएस बसवा आणि आपल्या डिस्क एकदा चालवून पाहा. कुठली चालते, कुठली खराब झाली, याची नोंद आत्ताच करून ठेवा.