गिरगावातलं मॅजेस्टिक

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



गिरगावातली मॅजेस्टिक सिनेमाची इमारत १९७०च्या दशकात पाडली गेली. तिथे आता मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर आहे. मुंबईतल्या पाडलेल्या थिएटरची गोष्ट इतक्या लांब, बारामती-इंदापूरला येऊन मी सांगतो आहे, कारण आपला सिनेमा पहिल्यांदा बोलला तो तिथे. हिंदी तिथेच, मराठीही तिथेच, आणि तेही वर्षाच्या आत.

१४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकमध्ये अर्देशिर इराणींचा ‘आलम आरा’ लागला. गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. चार आण्यांचं तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेलं. लोकांनी पैसे मोजले ते पडद्यावरचं माणूस बोलताना ऐकायला. तो आवाज टिपताना काय हाल झाले असतील! स्टुडिओजवळून रेल्वे जायची, म्हणून गाड्या थांबल्या की मध्यरात्रीनंतर चित्रीकरण चालायचं. नायक मास्टर विठ्ठल आपलेच, कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडलेले. आधीच्या कंपनीशी करारावरून कज्जा झाला, तेव्हा कोर्टात त्यांची बाजू बॅरिस्टर जिनांनी मांडली.

पुढे ६ फेब्रुवारी १९३२ला तिथेच प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. दिग्दर्शक शांतारामबापू, हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे, तारामती दुर्गा खोटे. प्रतिष्ठित घरातल्या बाईनं सिनेमात काम करणं तेव्हा साधं नव्हतं. गिरगावच्या चाळींतल्या माणसांनी आपली भाषा पडद्यावरून पहिल्यांदा ऐकली ती या बाईंच्या तोंडून, हे मला फार मोलाचं वाटतं.

हा चित्रपट आजही पाहता येतो. ‘आलम आरा’ मात्र गेला. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. पी. के. नायर यांनी तिथे आयुष्य वेचलं, पण त्यांनाही त्याची प्रत मिळाली नाही. त्या काळची नायट्रेटची फिल्म भडकन पेटते, शिवाय जुनी रिळं त्यातल्या चांदीसाठी विकली जात.

थिएटरचं नाव तेवढं राहिलं, शॉपिंग सेंटरवर आणि पुस्तकांवर. कोठावळ्यांच्या बुक स्टॉलला शेजारच्या सिनेमाचं नाव मिळालं. त्यातून प्रकाशन उभं राहिलं, १९६४मध्ये ‘ललित’ मासिक निघालं. आपल्या कपाटातल्या कितीतरी पुस्तकांवर त्या थिएटरचं नाव आहे.

आपल्या भागातल्या टॉकीजना असा कोठावळे मिळेलच असं नाही. इकडे सिनेमा गावातल्या टॉकीजमधून आला, तसा जत्रेतल्या तंबूतूनही. त्याचा कागद कुठे सापडेल? १९५३च्या मुंबई चित्रपटगृह कायद्यानुसार परवाना जिल्हा प्रशासनाकडून घ्यावा लागे आणि करमणूक कर वेगळा भरावा लागे. तो कर २०१७मध्ये जीएसटीत गेला. जुनी दप्तरं रोजच्या कामात लागत नाहीत, आणि न लागणारं दप्तर रद्दीत जायला वेळ लागत नाही. इथल्या महाविद्यालयांनी आधी त्या दप्तरांकडे धाव घ्यावी.

आणि माणसं गाठा. डोअरकीपर, पोस्टर चिकटवणारे, रिक्षात कर्णा लावून गावोगाव पुकारा करणारे. सुरुवात ऑपरेटरपासून करा. कार्बनच्या कांड्या जाळून ज्यांनी पडद्यावर उजेड पाडला, ते आता फार म्हातारे झालेत. कुठला सिनेमा किती आठवडे चालला, रिळांची पेटी कुठून यायची, रीळ तुटलं तर काय करायचे, हे त्यांनाच ठाऊक आहे.