रजोनिवृत्ती आणि सोयाबीनच्या गोळ्या


ज्या विषयावर मायलेकीही एकमेकींशी बोलत नाहीत, त्याविषयी आज दोन शब्द बोलते. पंचेचाळिशीच्या सुमारास अंगातून एकाएकी वाफा निघतात, घाम फुटतो, झोप उडते. हा स्वभावदोष नव्हे. इस्ट्रोजेन या अंतःस्रावाचे प्रमाण घटल्याचा तो परिणाम होय.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात सोयाबीन शेतोशेती पिकते. त्यातील आयसोफ्लेव्होन द्रव्ये इस्ट्रोजेनसारखेच, पण सौम्य कार्य करतात. म्हणून त्यांच्या गोळ्या विकल्या जातात. परंतु प्रयोगांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत. अमेरिकेतील रजोनिवृत्तिविषयक वैद्यकसंस्थेने तर २०२३ साली वाफांवरील उपाय म्हणून त्यांची शिफारस करण्याचे नाकारले. शुद्ध केलेल्या सोयाबीन तेलात ही द्रव्ये जवळजवळ नसतातच. नीट शिजविलेले सोयाबीन अन्न म्हणून अवश्य खावे. पण स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या किंवा थायरॉइडचे औषध घेणाऱ्या भगिनींनी डॉक्टरांस विचारल्याविना गोळी घेऊ नये.

आणि पाळी बारा महिने बंद राहून पुन्हा रक्त दिसले, तर कोणत्याही गोळीवर विसंबू नका. विनाविलंब तपासून घ्या. तेथे लाज जिवावर बेतू शकते. घरी गेल्यावर आपल्या आईस, सासूस, जावेस एवढे अवश्य सांगा, हीच माझी नम्र विनंती.