बागेतले प्राणी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्याकडच्या कुठल्याही गावातली नगरपालिकेची बाग डोळ्यांसमोर आणा. फाटकातून आत शिरलं की एक पेंग्विन उभा असतो. तोंड उघडं, पोटावर 'मला वापरा' असं लिहिलेलं. ती कचरापेटी. पुढे सिमेंटचा जिराफ, त्याच्या पाठीवरून घसरगुंडी. मग एक सिंह, शेपूट तुटलेला, आतली गंजकी सळई बाहेर आलेली. मुलांना हे प्राणी आवडतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण यातला एकही प्राणी महाराष्ट्राच्या रानात राहत नाही. आपल्या रानात जे राहतात, ते मात्र बागेत कुठेच दिसत नाहीत.

आमच्या गावच्या बागेत वन्यप्राण्यांची शिल्पवाट करायचं ठरलं, तेव्हा चित्रकलेचा निवृत्त शिक्षक म्हणून मलाही बैठकीला बोलावलं. एकानं सुचवलं, मोठा डायनोसॉर आणू. डोळ्यांत दिवे, तोंडातून आवाज. सगळ्यांना ते पसंत पडलं. तेव्हा मी त्यांना लंडनच्या एका बागेची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगतो.

लंडनमध्ये १८५१ साली मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं होतं. त्यासाठी उभारलेला काचेचा महाल नंतर शहराच्या दक्षिणेला सिडनहॅम इथं हलवण्यात आला आणि त्याच्याभोवती सार्वजनिक बाग आखली गेली. त्या बागेत नामशेष झालेल्या प्राण्यांचे पूर्णाकृती पुतळे करण्याचं काम १८५२ मध्ये बेंजामिन वॉटरहाऊस हॉकिन्स या शिल्पकाराकडे आलं. असं काम त्याआधी जगात कुणी केलेलं नव्हतं. सल्ल्याला रिचर्ड ओवेन होते. 'डायनोसॉर' हा शब्द त्यांनीच १८४२ मध्ये दिला. हाताशी होती ती काही हाडं, काही दात. तेवढ्यावरून सगळं जनावर उभं करायचं!

हॉकिन्सनं एका इग्वानोडॉनचा हिशेबच देऊन ठेवला आहे: ६०० विटा, साध्या आणि अर्धगोल मिळून १,५५० कौलं, ३८ पिंपं सिमेंट, ९० पिंपं खडी आणि पायांत लोखंडी खांब. म्हणजे हा पुतळा नव्हे, घरच बांधल्यासारखं झालं. ३१ डिसेंबर १८५३ च्या रात्री त्यानं याच प्राण्याच्या साच्यात टेबल मांडून २१ जणांना मेजवानी दिली. जून १८५४ मध्ये बाग खुली झाली. प्राणी तळ्यातल्या बेटांवर आणि काठावर काळाच्या क्रमानं मांडले होते. माणूस वाटेनं चालत गेला की आपोआप युगांमागून युगं ओलांडत जाई. शिल्पवाट म्हणतात ती ही. जागा दिसली तिथं पुतळा ठेवला, तर तिला वाट म्हणता येत नाही.

आता गोष्टीचा महत्त्वाचा भाग. हॉकिन्सच्या इग्वानोडॉनच्या नाकावर शिंग आहे. त्या वेळच्या तज्ज्ञांचा तसाच समज होता. पुढे १८७८ मध्ये बेल्जियममधल्या बेर्निसार इथल्या कोळशाच्या खाणीत याच प्राण्याचे अनेक सांगाडे सापडले आणि कळलं, की ते शिंग नव्हे, हाताच्या अंगठ्याचं टोकदार हाड आहे! पण म्हणून कुणी पुतळा फोडला नाही, शिंगही काढलं नाही. आजही ते तिथं आहे, आणि ती चूक कशी झाली हे लोकांना सांगितलं जातं. ज्ञान कसं पुढं सरकतं, हे त्या एका शिंगावरून मुलांना जेवढं कळतं, तेवढं क्वचितच एखाद्या धड्यातून कळेल.

हाच हॉकिन्स नंतर न्यूयॉर्कला गेला. तिथल्या सेंट्रल पार्कसाठी त्यानं असेच प्राणी करायला घेतले. बागेचा कारभार बदलला आणि १८७१ मध्ये त्याचे नमुने घण घालून फोडण्यात आले. एका बागेनं चुकीसकट जपलं, दुसरीनं होण्याआधीच मोडलं.

लंडनचे पुतळे आपोआप टिकले असंही नाही. काचेचा महाल १९३६ च्या आगीत गेला; पुतळे उरले, पण झुडपांत हरवू लागले. २००७ मध्ये त्यांना तिथल्या वारसा-यादीत सर्वोच्च दर्जा मिळाला. तरीही २०२० मध्ये मेगॅलोसॉरसचा जबडा गळून पडला आणि तो दुसऱ्या वर्षी पुन्हा बसवावा लागला. परिसरातल्या लोकांनी या पुतळ्यांसाठी संस्था काढली आहे. तिचे स्वयंसेवक त्यांच्याकडे लक्ष ठेवतात.

बैठकीत मी इतकंच म्हणालो: प्राणी आपल्या भागातले घ्या. डायनोसॉरच हवा असेल तर तोही आपला घ्या. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिसदुरा इथं लांब मानेच्या डायनोसॉरचे अवशेष मिळाले आहेत. तिथल्या दगड झालेल्या विष्ठेत गवताचे अंश सापडले, तेव्हा त्या काळी गवत होतं हे जगाला कळलं. ही गोष्ट २००५ ची. दुसरं, मापं खरी ठेवा; शेकरू कुत्र्याएवढी करू नका. आणि तिसरं, उद्घाटनाच्या खर्चाशेजारी डागडुजीच्या खर्चाची ओळ लिहा.

पहिल्या दोन गोष्टी मान्य झाल्या. तिसरीवर 'पुढे बघू' असं ठरलं. मी अजून पाठपुरावा करतो आहे.

पहिलं शिल्प माळढोकाचं करायचं ठरलं. सुमारे मीटरभर उंच, माथ्यावर काळी टोपी, माळावरचा हा राजबिंडा पक्षी. त्याच्यासाठी सोलापूर जिल्ह्यात नान्नजला अभयारण्य आहे. पण आज देशभरात त्यांची संख्या दोनशेच्या आत आली आहे आणि त्यातले बहुतेक राजस्थानात आहेत. मातीचा नमुना मी घरी अंगणात केला, तोही छायाचित्रं पुढ्यात ठेवून. शेजारची मुलगी रोज येऊन बघायची. एक दिवस तिनं विचारलं, "आजोबा, तुम्ही हा खरा कुठं पाहिलात?"

मी पाहिलेला नाही. हॉकिन्सनंही त्याचे प्राणी पाहिले नव्हते. पण ते फार पूर्वीच नामशेष झालेले होते. माझा पक्षी अजून जिवंत आहे. बागेत त्याच्यापुढे पाटी लागेल, तेव्हा तीवर 'आहे' लिहायचं की 'होता', हे अजून आपल्या हातात आहे.